क्रमबदलाचा अर्थ : लाँगली यांची 'सीझफायर' आणि 'इलियड'

आधुनिक कवी अभिजात पुराणकथेचा आश्रय घेतो, तेव्हा समीक्षा बहुधा एलियट यांनी १९२३ मध्ये 'युलिसिस'संबंधी मांडलेल्या मिथकपद्धतीकडे वळते. समकालीन इतिहासाच्या अराजकाला मिथकाच्या समांतर वापराने आकार देता येतो, ही ती भूमिका. मात्र मिथकाचा स्वतःचा आकार या व्यवहारात अबाधित राहतो काय, हा प्रश्न उरतोच. मायकेल लाँगली (१९३९–२०२५) यांच्या 'सीझफायर' या सुनीताच्या आधारे तो तपासता येईल.

बेलफास्ट येथे जन्मलेल्या आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ग्रीक-लॅटिनचे अध्ययन केलेल्या लाँगली यांनी ही कविता युद्धबंदीची केवळ आशा होती तेव्हा लिहिली. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने युद्धबंदी जाहीर केली. ३ सप्टेंबरला 'द आयरिश टाइम्स'ने कविता छापली. तीत बेलफास्टचा उल्लेख नाही. वर्तमानाकडे निर्देश करते ते मुख्यतः शीर्षक.

'इलियड'च्या चोविसाव्या सर्गातील प्रसंग तिने चौदा ओळींत आणला आहे. होमरकडे वृद्ध प्रायाम तंबूत शिरताच अकिलीसचे गुडघे धरतो व पुत्रघातक हातांचे चुंबन घेतो. याचना, अश्रू, भोजन हे सारे त्यानंतरचे. लाँगली अश्रूंपासून आरंभ करतात आणि गुडघे टेकण्याची कृती अखेरच्या द्विपदीसाठी राखून ठेवतात. ती आधीच घडली होती, हे कविता स्पष्टपणे सांगते. म्हणजे घटनाक्रम बदललेला नाही, बदलला आहे तो कथनक्रम. होमरकडे जी याचनेची सुरुवात आहे, ती येथे समेटाची किंमत म्हणून शेवटी वाचकापुढे येते.

या संक्षेपात काही गळलेही आहे. मूळ काव्यात अकिलीसचा क्रोध पुन्हा उसळू पाहतो. हेक्टरचे शव प्रायामच्या दृष्टीआड धुतले जाते, कारण ते पाहून पिता संतापला तर आपल्याच हातून त्याचा वध होईल, अशी अकिलीसला धास्ती आहे. युद्धबंदीही अकरा दिवसांचीच. बाराव्या दिवशी पुन्हा युद्ध. सुनीत या मुदतीविषयी मौन पाळते. परंतु होमर जाणणाऱ्या वाचकाला ते मौन ऐकू येते, आणि इतिहासाने त्याला दुजोरा दिला : फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनमधील स्फोटाने ती युद्धबंदी मोडली, जुलै १९९७ मध्ये ती पुन्हा लागू झाली आणि एप्रिल १९९८ मध्ये करार झाला.

ज्याचा मुलगा मारला गेला त्यानेच गुडघे टेकावेत, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कवीला आहे काय? हा आक्षेप गंभीर आहे. तथापि येथे प्रायाम क्षमा करीत नाही. तो अपरिहार्य ते करतो, आणि समोरच्याला मारेकरी म्हणूनच संबोधतो. समेटासाठी सत्याचा विसर आवश्यक नाही, हे अखेरच्या द्विपदीतून सूचित होते. मिथकाने वर्तमानाला आकार दिला हे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. वर्तमानाच्या निकडीने मिथकाचाही क्रम नव्याने लावला.