प्रताधिकार आणि महाविद्यालयीन अध्यापन

प्रताधिकार म्हणजे लेखन, चित्र, संगीत, चित्रपट अशा कृतींच्या प्रती काढणे, त्या लोकांपुढे मांडणे, त्यांचे भाषांतर वा रूपांतर करणे यांवरचा कायद्याने दिलेला हक्क. बोलताना आपण त्याला कॉपीराइट म्हणतो. मराठी पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर तो ‘सर्व हक्क स्वाधीन’ म्हणून भेटतो. महाविद्यालयात त्याची गाठ पडते ती बहुधा झेरॉक्सच्या दुकानात. भारतात हा विषय १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाने बांधला आहे. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याचे कलम १४ हक्क देते, कलम ५१ हक्कभंग कशाला म्हणायचे ते सांगते आणि कलम ५२ कोणत्या गोष्टींना हक्कभंग म्हणायचे नाही त्यांची लांबलचक यादी देते. प्राध्यापकांनी वाचावे ते हे तिसरे. पहिली दोन प्रकाशकांचे वकील वाचतातच.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरायला हवा. ‘फेअर यूज’ हा शब्द आपल्याकडच्या कार्यशाळांत सर्रास ऐकू येतो, पण तो भारतीय कायद्यातला नाही. तो अमेरिकेचा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रांवरून झालेल्या फॉल्सम विरुद्ध मार्श या १८४१ च्या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी त्याचा पाया घातला. पुढे १९७६ च्या अमेरिकी कायद्यात कलम १०७ म्हणून तो आला. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, उचललेल्या भागाचे प्रमाण व महत्त्व आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम या चार कसोट्या तेथे लावतात. कोणताही हेतू या कसोट्यांवर घासून पाहता येतो, म्हणून ही सवलत मोकळी आहे आणि म्हणूनच बेभरवशाचीही. भारतात ब्रिटिश वळणाचे ‘फेअर डीलिंग’, म्हणजे न्याय्य व्यवहार, आहे. ते ठरावीक कामांपुरते असते : खाजगी वापर व संशोधन, टीका वा परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त. या यादीत अध्यापन नाही. ते नाही हे पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण अध्यापनासाठी कायद्याने वेगळे आणि अधिक ऐसपैस पोटकलम केले आहे.

ते म्हणजे ५२(१)(आय). शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत काढली, प्रश्नपत्रिकेत एखादा उतारा छापला किंवा उत्तरपत्रिकेत लिहिला, तर तो हक्कभंग नव्हे, असे ते सांगते. पानांची मर्यादा नाही, शब्दांची नाही, टक्क्यांची नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी हीच तरतूद ‘एच’ या अक्षराखाली होती, त्यामुळे जुने निवाडे वाचताना गोंधळ होतो. या साध्या वाक्याचा अर्थ किती रुंद, हे मात्र २०१६ पर्यंत कोणी नीट तपासले नव्हते.

तपासायला लावले ते दिल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानाने. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे विद्यापीठाच्या परवान्याने चालणारे दुकान होते. अध्यापक वाचनसूची देत, ग्रंथालयातून पुस्तके दुकानात जात, आणि वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून ‘कोर्स पॅक’ तयार होई. पानामागे रुपयाहून कमी दराने तो विद्यार्थ्यांना मिळे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ या दोघांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑक्टोबरात दुकानाला तात्पुरती मनाई झाली. विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची अशा दोन संघटना आपणहून खटल्यात सामील झाल्या. ज्यांची पुस्तके झेरॉक्स होत होती त्यांतल्याच अनेक लेखकांनी दावा मागे घ्या म्हणून प्रकाशकांना जाहीर पत्र लिहिले. आपल्या पुस्तकाची प्रत काढू द्या म्हणून लेखकच प्रकाशकाला विनवतो, हे दृश्य प्रताधिकाराच्या इतिहासात फारसे दिसत नाही.

प्रकाशकांचा मुख्य युक्तिवाद असा. ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे वर्गात, तास चालू असताना. ‘शिक्षक’ म्हणजे एक व्यक्ती, विद्यापीठ नव्हे आणि दुकानदार तर नव्हेच. शिवाय कोर्स पॅक हे प्रकाशनच आहे, तेव्हा त्याला प्रकाशनाच्या पोटकलमातली कडक मर्यादा लावावी. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. शिकवणे घंटा झाल्यावर सुरू होऊन घंटेला संपत नाही. अभ्यासक्रम आखण्यापासून तासानंतरच्या वाचनापर्यंत ते चालते, असा अर्थ त्यांनी लावला. पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून पुस्तकातली पाने हाताने उतरवून घेत. ते जर भंग नव्हते, तर यंत्राने काढलेली प्रत केवळ यंत्राने काढली म्हणून भंग कशी ठरेल, हा त्यांच्या निकालाचा एक कणा आहे. ज्यांनी एम. ए. च्या वर्षात वहीच्या वह्या भरल्या आहेत त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

अपिलात न्या. प्रदीप नंदराजोग आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला. तो नीट वाचायला हवा, कारण ‘दिल्लीच्या निकालाने झेरॉक्स मोकळे झाले’ ही सांगोवांगी अर्धीच खरी आहे. खंडपीठाने पोटकलमाचा रुंद अर्थ कायम ठेवला. मर्यादित विद्यार्थ्यांसाठी काढलेली प्रत म्हणजे प्रकाशन नव्हे, हे मान्य केले. मधला माणूस दुकानदार असला म्हणून शैक्षणिक हेतू जात नाही, हेही. न्याय्यतेचे तत्त्व या पोटकलमातही गृहीत आहे, पण ती किती पाने घेतली यावरून मोजायची नाही. घेतलेला मजकूर शिकवण्याच्या हेतूला गरजेचा होता का, एवढेच पाहायचे, असे खंडपीठ म्हणाले. मात्र या विशिष्ट कोर्स पॅकमधला मजकूर खरोखर त्या गरजेपुरता होता का, आणि दुकानात पुस्तकेच्या पुस्तके झेरॉक्स होत होती का, हे पुराव्यानिशी ठरवण्यासाठी प्रकरण परत पाठवले. दुकानाला मनाई केली नाही. पण कोणते पॅक किती काढले याची नोंद ठेवून दर सहा महिन्यांनी न्यायालयात द्यायला सांगितले. पुढची पायरी आलीच नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परवाना शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेची याचिका त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेण्यास नकार दिला. त्यामुळे अख्खे पुस्तक झेरॉक्स करणे या सवलतीत बसते का, या प्रश्नाला त्या खटल्यातून उत्तर मिळाले नाही. पॅकमध्ये निवडक प्रकरणे घेणारा प्राध्यापक निवाड्याच्या सावलीत उभा आहे. बाजारात सहज मिळणारे क्रमिक पुस्तक आख्खे झेरॉक्स करून वाटणारा तिथे उभा नाही.

याच प्रकाशकांपैकी दोघे अमेरिकेतही विद्यापीठाशी लढले आहेत. त्याआधी तिथल्या एका खटल्यात शिकवण्यापेक्षा दुकानाच्या नफ्याला महत्त्व आले. १९९१ मध्ये किंकोज या झेरॉक्सच्या साखळीला कोर्स पॅक विकल्याबद्दल ५ लाख १० हजार डॉलर भरावे लागले. कलम १०७ मध्ये अध्यापन आणि वर्गासाठीच्या अनेक प्रती यांचा नावानिशी उल्लेख असूनही हे घडले. २००८ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि सेज यांनी जॉर्जिया स्टेट विद्यापीठावर संगणकावर ठेवलेल्या उताऱ्यांबद्दल दावा लावला. पहिल्या न्यायालयाने लहान पुस्तकाचे १० टक्के आणि मोठ्याचे एक प्रकरण असा हिशेब बांधला. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने अशी यांत्रिक मोजपट्टी चालणार नाही म्हणून तो मोडला.

आपल्याकडच्या ग्रंथालयांतून ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ अशी पाटी वा समजूत दिसते, तिचे मूळ बहुधा अमेरिकेतच असावे. १९७६ च्या कायद्याच्या वेळी तिथल्या प्रकाशक, लेखक आणि शिक्षणसंस्थांच्या प्रतिनिधींनी वर्गातल्या प्रतींसाठी आपापसात मार्गदर्शक सूत्रे ठरवली : २५० शब्दांहून लहान कविता पूर्ण, गद्याचा उतारा १००० शब्द किंवा १० टक्के यांपैकी जे कमी ते, वगैरे. तो तिथेही कायदा नव्हता, इथे तर नाहीच.

मर्यादा आहे ती दुसऱ्या ठिकाणी, आणि मराठीच्या अभ्यासमंडळांना ती थेट लागू होते. ५२(१)(एच) हे पोटकलम अध्यापनासाठी छापल्या जाणाऱ्या संकलनांचे आहे. संकलनातला बहुतांश मजकूर प्रताधिकार संपलेला असावा, उतारे लहान असावेत, आणि एकाच लेखकाच्या कृतींतले दोनपेक्षा जास्त उतारे एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत छापू नयेत, अशा त्याच्या अटी आहेत. साठोत्तरी कवितांचे संपादित पाठ्यपुस्तक काढायचे तर ही सवलत उपयोगी पडत नाही, कारण त्यातला जवळजवळ सगळा मजकूर हक्काधीन असतो. तिथे लेखकाची वा वारसांची लेखी परवानगी आणि मानधन हाच मार्ग. तीच कविता वर्गासाठी झेरॉक्स करून वाटली तर ‘आय’, छापून विकली तर ‘एच’. फरक कवितेत नाही, कृतीत आहे.

हक्क संपतो कधी? लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीसाठी, मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षांनी. मूळ मुदत पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकूर यांचे १९४१ मध्ये निधन झाले, आणि विश्वभारतीकडचे हक्क संपायला काही दिवस उरले असताना १९९१ च्या अखेरीस वटहुकूम काढून ती साठ केली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ पासून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची तारीखही तीच; पण ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ निधनानंतर १९५७ मध्ये निघाला, आणि मरणोत्तर प्रकाशनाची साठ वर्षे प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात, म्हणून तो एक वर्ष उशिरा मोकळा झाला. आचार्य अत्रे २०२९ च्या अखेरपर्यंत, इरावती कर्वे २०३० च्या, कुसुमाग्रज २०५९ च्या आणि पु. ल. देशपांडे २०६० च्या अखेरपर्यंत हक्काधीन आहेत. ज्ञानेश्वरीवर कोणाचाच हक्क नाही; तिच्या आधुनिक आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि अर्थ यांवर असतो. जुन्या ग्रंथाच्या नव्या भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो. ही गोष्ट पुष्कळ प्राध्यापक विसरतात.

पीडीएफने प्रश्न पुन्हा अवघड केला आहे. कायद्याच्या व्याख्येत संगणकात साठवणे हीसुद्धा प्रत काढणेच आहे, त्यामुळे वर्गाच्या बंद गटावर प्रकरण टाकणे ‘आय’खाली मांडता येते. पण ‘लोकांपर्यंत पोहोचवणे’ हा कलम १४ मधला वेगळा हक्क आहे, आणि त्या पोटकलमात शब्द आहे तो फक्त प्रत काढण्याचा. पासवर्ड लावून तीस विद्यार्थ्यांना दिलेला उतारा आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येईल असा ठेवलेला तोच उतारा यांत म्हणून अंतर ठेवावे. टाळेबंदीच्या काळात ते अनेकांनी ठेवले नाही.

ग्रंथालयांना स्वतंत्र सवलती आहेत. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला काढता येतात. छापील प्रत संग्रही असेल तर जतनासाठी तिचे डिजिटल रूप ठेवता येते. दृष्टिहीन व इतर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ब्रेल, बोलती पुस्तके वा संगणकाला वाचता येणारी प्रत करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. या विषयावरचा २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत होता. संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी नाटक करणे वा संस्थेतल्यांनाच चित्रपट दाखवणे यालाही सवलत आहे. मात्र स्नेहसंमेलनातली एकांकिका तिकीट लावून नाट्यगृहात नेली की ती या चौकटीतून बाहेर पडते, आणि लेखकाची परवानगी लागते.

मराठी घरांत ज्याला गाइड म्हणतात त्याचाही निवाडा झाला आहे. गणिताच्या पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांची पायरीपायरीने उत्तरे छापणाऱ्या गाइडवर ऑक्सफर्डने दावा लावला होता. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ पुस्तकात नसलेली रीत देणे हा वेगळ्या हेतूचा न्याय्य वापर आहे, असे म्हणून मनाई द्यायला नकार दिला. गाइडने शिक्षणाचे भले होते की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न नव्हता.

प्रताधिकारभंग आणि वाङ्मयचौर्य यांची गल्लत नेहमीची. ज्ञानेश्वरीतली ओवी आपली म्हणून छापली तर ते चौर्य आहे, भंग नाही. हक्काधीन कादंबरी लेखकाचे नाव ठसठशीत घालून छापली तर तो भंग आहे, चौर्य नाही. प्रबंधातल्या साम्याचे १०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतले आहेत आणि ते फक्त चौर्याविषयी बोलतात. भंगाच्या बाबतीत मात्र जाणूनबुजून केला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे.

संशोधनपत्रिकांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सुमारे ६००० कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. तिच्यात पुस्तके नाहीत. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांचे वाचन अजून मुख्यतः पुस्तकांतल्या प्रकरणांवरच चालते, आणि ती प्रकरणे विद्यार्थ्यापर्यंत फाटकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातूनच पोहोचतात.