मुरड्याच्या गोळीचं कुळ

‘मुरडा येतोय, आव पडतेय’ एवढं अर्धापूरच्या मेडिकलवर सांगितलं की मेट्रोनिडाझोलचं नाव निघतंच. तोंड कडू करणाऱ्या या गोळीचं कुळ मातीतल्या जिवाणूंत आहे. मला थक्क केलं ते याने, की ती ज्याला मारते त्या अमिबाच्या घरातही जिवाणूंचं सामान आहे, आणि माझ्या मते गोळी लागू पडते ती त्याच सामानामुळे.

हा अमिबा १८७५ मध्ये लोश यांना सेंट पीटर्सबर्गमध्ये दिसला. १९०३ मध्ये शाउडिन यांनी त्याला ‘एन्टअमिबा हिस्टोलिटिका’ नाव दिलं. गोळीचा मूळपुरुष अॅझोमायसिन. ते १९५३ मध्ये जपानात मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्यावरून मेट्रोनिडाझोल घडवलं, आणि १९६६ मध्ये डर्बनच्या डॉक्टरांनी ते अमिबाच्या आजारावर चालतं हे दाखवलं.

पोटात गेलेली गोळी स्वतः निरुपद्रवी असते. तिच्यातल्या नायट्रो गटाला कुणी इलेक्ट्रॉन दिले तरच ती विषारी होऊन डीएनए तोडते. अमिबात ते देतं फेरेडॉक्सिन, आणि फेरेडॉक्सिनला ते पुरवतं ‘पीएफओआर’ हे एन्झाइम. आपल्या पेशींत ते नाही. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंत मात्र सर्रास आहे.

मग अमिबाकडे ते आलं कुठून? एक पक्ष म्हणतो, हा वारसा आहे: जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास या परजीवींचं पीएफओआर अमिबाच्या जवळचं दिसतं, म्हणजे ते समान पूर्वजाकडून आलं. या एका एन्झाइमपुरतं मी ते मान्य करीन. पण २००५ मध्ये अमिबाचा जीनोम वाचला गेला (त्या चमूत दिल्लीच्या जेएनयूचे आलोक आणि सुधा भट्टाचार्य होते), तेव्हा जिवाणूंकडून आल्यासारखी ९६ जनुकं निघाली. फेरतपासणीत यादी आखडली, तरी संपली नाही. त्यांतली बरीच आतड्यातल्या बॅक्टेरॉइडीटीस जिवाणूंच्या वळणाची आहेत, आणि अमिबा तर आतड्यात जिवाणू गिळूनच जगतो. रोजच्या जेवणातून जनुकं उचलली गेली, याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

२००७ मध्ये नवा आक्षेप आला: अमिबात गोळीला चेतवतं ते थायोरेडॉक्सिन रिडक्टेस, पीएफओआर नव्हे. असेल. पण ते रिडक्टेसही आपल्या पेशींतल्यासारखं थोराड नाही. लहान, जिवाणूंच्या घडणीचं आहे. त्यामुळे माझा धागा तुटत नाही.

या कुळाची एक शाखा मुंबईत फुटली. गोरेगावच्या सीबा-गायगी संशोधन केंद्रात के. नागराजन आणि सहकाऱ्यांनी सॅट्रानिडाझोल घडवलं. त्याचा सांकेतिक क्रमांक ‘गो १०२१३’. हा ‘गो’ म्हणजे गोरेगावच, असं मी धरून चालतो. अॅझोमायसिनमध्ये नायट्रो गट रिंगणाच्या दुसऱ्या जागी होता, फ्रेंचांनी तो पाचव्या जागी नेला. गोरेगावकरांनी दुसऱ्या जागी नवं रिंगण जोडलं, पण पाचव्या जागेवरच्या नायट्रोला हात लावला नाही.