मथळ्यातून गळालेली विशेषणे

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी फ्रान्समधील लियाँ येथून एक प्रसिद्धिपत्रक निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नेमलेल्या, १० देशांतील २२ तज्ज्ञांनी ८०० हून अधिक अभ्यास तपासले होते. त्यांनी सॉसेज, बेकन, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस ‘गट १’मध्ये, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत घातले, मटण, बीफ, पोर्क हे लाल मांस ‘गट २अ’मध्ये, म्हणजे संभाव्य कर्करोगकारकांत.

तंबाखूही गट १ मध्येच आहे. तेवढ्यावरून अनेक मथळ्यांनी मांस आणि सिगारेट एका पंक्तीला बसवले. वास्तविक हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, अपाय किती मोठा आहे ते नव्हे. संस्थेनेच दिलेल्या अंदाजांनुसार जगात तंबाखूमुळे कर्करोगाचे वर्षाला सुमारे १० लाख मृत्यू होतात, तर प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनामुळे सुमारे ३४ हजार.

‘१८ टक्के’ या आकड्याचेही तसेच झाले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका तेवढ्याने वाढतो. समजा, आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना हा रोग होत असेल, तर ते ५ चे ६ होतील. १०० पैकी १८ नव्हेत. गैरसमज इतका पसरला, की संघटनेला तीनच दिवसांत खुलासा करावा लागला : मांस सोडा असे कोणी म्हटलेले नाही, प्रमाण कमी केल्यास धोका कमी होतो.

२०१९ मध्ये लंबक उलट्या टोकाला गेला. एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात दुसऱ्या तज्ज्ञगटाने मांसाहार आहे तसाच चालू ठेवण्याची शिफारस केली. ती ‘दुर्बल’ असून पुरावा कमी खात्रीचा आहे, हे त्या गटानेच नोंदवले होते. मथळ्यांत उरली ती केवळ मुभा.

भारतात या गळतीची किंमत वेगळी आहे. येथे ‘मांस’ म्हणजे बहुधा कोंबडी, मासे किंवा मटण. त्यांपैकी कोंबडी आणि मासे लाल मांसात मोडतच नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि मांसातील लोह शरीर सहज शोषून घेते. अशा घरात अर्धवट मथळा वाचून ताटातले मांस काढून टाकले, तर अपाय त्या बाईला होतो.

शिवाय त्याच गट १ मध्ये सुपारी आधीपासूनच आहे. भारतीय वाचकासाठी त्या यादीतील खरी बातमी तीच होती.