मोहाची दारू, नागपूर प्रदेशातील

मोह (लॅ. मधुका लाँगिफोलिया, कुल-सॅपोटेसी) या वृक्षाच्या मांसल फुलांपासून गाळलेले मद्य. नागपूर, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत ते पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी तयार होत आले. द्राक्षमद्याप्रमाणे ते मुरवून चाखण्याची रीत मात्र येथे रुजली नाही. याचे कारण काही अंशी मद्याच्या घडणीत, तर बरेचसे अबकारीच्या इतिहासात सापडते.

चैत्राच्या सुमारास पहाटे फुले गळतात. ती टोपल्यांत वेचून अंगणात वाळवितात. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक शर्करा असते. मडक्यातील पाण्यात ती काही दिवस भिजविली, की आंबतात. या आंबवणास ‘सडवा’ म्हणतात. सडवा चुलीवर तापवून त्याची वाफ नळीवाटे गार भांड्यात उतरवितात. आरंभी उतरणारे मद्य सर्वांत तीव्र असते. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रयोग हातभट्टीवरचाच. सडव्याचा वास उग्र असला, तरी निगुतीने गाळलेल्या दारूला फुलांचा गोडसर गंध व धुराची किंचित छटा असते. गोंड समाजात जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगी ती लागते आणि देवतांना व पूर्वजांना अर्पण केल्यावाचून प्राशन केली जात नाही. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात (१९१६) गोंडांच्या अशा विधींची विस्तृत माहिती आहे.

मद्य जुने व्हावे, ही कल्पना भारतात परकी नाही. चरकसंहितेत दहा पुष्पासवांमध्ये मधूकाची गणना असून नवे मद्य जड व दोषकारक, तर जुने हलके व अग्निदीपक मानले आहे. (आसव हे गाळलेले मद्य नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.) तांबड्या द्राक्षमद्यात सालीतील टॅनिने व रंगद्रव्ये कालांतराने परस्परांशी जुळून त्यांचा काही भाग तळाशी बसतो; तुरटपणा निवतो आणि गंध खुलतो. गाळलेल्या दारूत टॅनिने उतरत नाहीत. बाटलीत ती फारशी बदलत नाही. मुरविण्यासाठी लाकडी पिंपे आणि वर्षानुवर्षांची निर्धास्त साठवण हवी.

नेमका तो निर्धास्तपणा राहिला नाही. १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाला. त्या काळी भट्टीचा मक्ता लिलावाने दिला जाई. पुढे सरकारी नियंत्रणाखालील मोठ्या भट्ट्यांवर भर आला आणि परवान्यावाचून घरी गाळणे गुन्हा ठरले. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या ‘महौरा’ कायद्याने खुद्द फुलांवरच बंधने घातली. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९६०) १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा अंमल राहिला. धाडीच्या भयाने रात्री गाळायचे आणि लगोलग संपवायचे, अशा व्यवहारात मुरविण्याला वाव कोठून असणार?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. व्यसनाची झळ सर्वाधिक बसली ती स्त्रियांना. गडचिरोलीतील दारूबंदी (१९९३) लोकचळवळीतून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षमद्याच्या उद्योगास उत्तेजन देणारे धोरण आखले. मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल होण्यास २०२१ साल उजाडले. फुले वेचणे मोकळे झाले. परवान्यावाचून घरच्या चुलीवर ती गाळणे आजही गुन्हाच आहे.