फाळक्यांची पत

धंद्यात बुडालेल्या माणसास ऋणमुक्त करण्याची तजवीज इलाखा शहरांबाहेरच्या मुलखासाठी सरकारने १९०७ च्या प्रांतिक नादारी कायद्याने आणि पुढे त्याच्या जागी आलेल्या १९२० च्या कायद्याने केली खरी. परंतु जिल्हा न्यायालयाने मुक्ततेचा हुकूम दिला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी सावकार नादाराच्या दारी रोकड घेऊन येत नाही. ऋण फेडल्यासारखे मानणे न्यायासनाच्या हाती आहे, गेलेली पत परत देणे नाही. ती कशाने येते हे पाहावयाचे असेल तर, प्रश्न कायद्यातल्या नादारीचा नसला तरी, नाशिककरांनी धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्राकडे वळावे.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या गृहस्थाने मुंबईत छापखाना उभारला, भागीदाराशी बिनसल्यावर तो सोडला, आणि चाळिशी उलटल्यावर, हाती भांडवल नसताना, चलच्चित्रांचा ध्यास घेतला. विलायतेस जाऊन यंत्रे आणण्यासाठी बारा हजारांची विमापत्रे गहाण टाकून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले. ते खर्ची पडल्यावर तारण असे फारसे उरले नाही. तेव्हा त्यांनी जे केले ते माझ्या मते आपल्या सावकारीच्या इतिहासातले एक अपूर्व प्रकरण आहे: एका कुंडीत वाटाणे पेरून, समोर कॅमेरा रोवून, महिन्याहून अधिक काळ ते रोज त्याचे चित्र घेत राहिले, आणि दाणा फुटून त्याचा वेल होईपर्यंतची सारी हकिकत मिनिटभराच्या फितीत बसवून ती निवडक मंडळींना दाखविली. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. कर्जरोख्यात जे लिहून देता येत नाही ते या धनकोंनी डोळ्यांनी पाहिले होते. अर्थात तेवढ्याने भागले नाही. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, आणि कोऱ्या फितीला रात्री अंधारात बसून भोके पाडण्याचे काम त्याच माउलीने केले. फाळक्यांच्या पतीचा हिशेब मांडताना ही जमा विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड-बाजारासह नाशकास आले. १९१४ साली ते आपली चित्रे घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तेथेच राहून चित्रे काढावीत अशी मागणी त्यांना झाली. ती नाकारून स्वदेशी परतावे तो महायुद्ध पेटलेले आणि भांडवलवाल्यांनी हात आखडलेला. परमुलखात पत आणि स्वतःच्या गावी ऋण, ही अवस्था किती दारुण असेल!

ती पालटली १९१७ च्या ‘लंकादहना’ने. या चित्राला लोटलेल्या गर्दीने त्यांचे नाव पुन्हा बाजारात चालू लागले, आणि १९१८ च्या आरंभी नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, तीत वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदींनी पैसा घातला आणि फाळके काम करणारे भागीदार राहिले. पण पैशाच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला त्यांचाच शब्द शेवटचा. खर्चाच्या बाबतीत खटके उडू लागले, आणि फाळके सर्व सोडून काशीस जाऊन ‘रंगभूमी’ हे नाटक लिहीत बसले. परतले ते त्याच कंपनीत, परंतु आता मालकीचा हक्क उरला नव्हता. तरीही पुढे ‘सेतुबंधन’ या चित्रासाठी त्यांनी स्वतंत्र कंपनी काढावयाचे ठरविले तेव्हा पैसा पुरविण्यास पुढे आले ते जुने भागीदार मायाशंकर भट्टच. एकदा भांडून विभक्त झालेला धनको दुसऱ्यांदा थैली सोडतो, याहून पतीचा मोठा दाखला दुसरा नाही. फाळक्यांनी मालकी गमावली. पत मात्र अखेरपर्यंत कामाच्या बळावर पुन्हापुन्हा मिळविली.