उशाशी बसून म्हटलेले सूत्र

आपल्या वस्तीत कोणी वारले की रात्रभर भजन बसते. पेटी, ढोलकी, खंजिरी, वर लाउडस्पीकर. पहाटेपर्यंत बुद्ध-भीमगीते चालतात. ही चाल चांगलीच आहे. दुःखाच्या घराला चार माणसांचा आधार होतो. पण आम्हाला एक गोष्ट फार वर्षे खटकते. ज्याच्यासाठी गायचे त्याला ते ऐकू येत नाही. तोच माणूस दोन-दोन महिने खाटेवर पडून असतो, तेव्हा त्याच्या उशाशी बसून एक गाथा म्हणायला कोणी जात नाही. कारखान्याची पाळी आहे, उसाचा हंगाम आहे, वेळ कुठाय! मयताला मात्र सगळ्यांना सुट्टी मिळते. स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहा असे सांगण्यात आले, म्हणून या गोष्टीचाच इतिहास आम्ही उपासक-उपासिकांपुढे ठेवतो.

संयुत्त निकायात बोध्यंगांची तीन लहान सूत्रे आहेत. राजगृहाजवळ महाकाश्यप फार आजारी पडले, तेव्हा भगवंत स्वतः त्यांच्याकडे गेले आणि त्यांना सात बोध्यंगे ऐकवली. मोग्गलान आजारी पडले तेव्हाही गेले. पुढे खुद्द भगवंतांनाच आजार झाला, तेव्हा त्यांनी भेटीस आलेल्या महाचुंदाला बोध्यंगे म्हणायला सांगितली. म्हणजे बघा, ज्यांनी हा मार्ग शोधून काढला त्यांनाही आजारपणात तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकावासा वाटला. तिघेही त्या दुखण्यातून उठले असे सूत्र सांगते. पण म्हणून डॉक्टर सोडून गाथा म्हणत बसा, असे आमचे म्हणणे नाही हो.

अनाथपिंडिक मात्र उठला नाही. श्रावस्तीचा हा दानशूर गृहस्थ शेवटच्या दुखण्यात होता, तेव्हा सारिपुत्त आणि आनंद त्याच्या घरी गेले. सारिपुत्तांनी त्याला अनासक्तीचा सखोल उपदेश केला. तो ऐकून अनाथपिंडिक रडला. इतकी वर्षे सेवा केली, पण असा उपदेश कधी कानावर आला नाही, असे तो म्हणाला. गृहस्थांना हे सांगत नाहीत, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्या मरणाच्या दारातल्या माणसाने विनंती केली की, आम्हा संसारी लोकांनाही हे सांगत जा. आमच्या मते आपल्या वस्तीचा हक्क तिथूनच सुरू होतो.

काही मंडळी म्हणतात, अष्टशीलात गायन-वादन वर्ज्य आहे, मग धम्मात संगीत कशाला? अष्टशील उपोसथाच्या दिवशी पाळायचे. रोजचे शील आपले पाचच. आणि पंचशिखाने वीणा वाजवून गायिले तेव्हा तार आणि गळा कसे जुळले याचे भगवंतांनी कौतुक केल्याचे दीघ निकायातच आहे. उलट कुसिनाऱ्यात शेवटच्या वेळी आकाशातून वाद्ये वाजली असे वर्णन आहे (ते काव्य समजून सोडून देऊ), तेव्हा त्यांनी आनंदाला सांगितले की, खरी पूजा ही नव्हे, धम्माप्रमाणे वागणे ही खरी पूजा.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात सकाळ-संध्याकाळ दोहे, अभंग, भजने चालत. बाबासाहेबांनी पुढे बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. उतारवयात त्यांनी व्हायोलिनही शिकायला घेतले होते. ५ डिसेंबर १९५६ ची संध्याकाळ, दिल्लीत २६ अलीपूर रोडचा बंगला. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय दुखत होते, नजर अधू झाली होती. काही जैन मंडळी भेटून गेली. नानकचंद रत्तू पाय चेपत होते. बाबासाहेब डोळे मिटून, बोटांनी ताल धरून त्रिशरण गुणगुणू लागले आणि रेडिओग्रामवर त्याचीच रेकॉर्ड लावायला त्यांनी रत्तूंना सांगितले. थोडे जेवले. मग उठून काठी टेकत जाताना कबीराचे एक पद त्यांच्या तोंडी होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना उशाशी ठेवायला सांगून ते झोपले. ६ तारखेला सकाळी ते उठले नाहीत.

बाबासाहेबांना ही शेवटची रात्र आहे हे ठाऊक होते, असे आम्ही म्हणत नाही. पण दमलेल्या, दुखणाईत देहाला त्यांनी दिलेली शेवटची सोबत म्हणजे लहानपणी ऐकलेला कबीर आणि दोन महिन्यांपूर्वी नागपूरला लाखोंसमक्ष घेतलेले त्रिशरण, हे दोन सूर होते. आपल्या जलशांनी, वामनदादांच्या गाण्यांनी चळवळ उभी केली हे सगळे सांगतात. ही रात्र मात्र कोणी सांगत नाही.

बाहेरच्या जगानेही हे उशिराच ओळखले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले, बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांची शेवटपर्यंत सेवा करायला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २००० सालापासून लोक लहान गट करून मरणासन्न माणसाजवळ हळू आवाजात गातात. आणि २०२० साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी, प्रतिसाद न देणाऱ्या, शेवटच्या तासांतल्या काही रुग्णांचा मेंदू आवाजाची दखल घेतो असे दाखवले. डोळे मिटलेत म्हणून कान मिटलेत असे समजू नये.

तर, लाउडस्पीकर नको. ढोलकी घरीच ठेवावी. दोघा-तिघांनी जावे, आधी आजाऱ्याला विचारावे, कारण कोणाला बोध्यंग सुत्त हवे असते, तर म्हातारीला माहेरची जात्यावरची ओवी. तिला ओवीच म्हणावी. श्वासाच्या लयीने, सावकाश. दमला दिसला की थांबावे, हात हातात धरून गप्प बसावे. विहारात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर वस्तीत कोण अंथरुणाला खिळलेय ते विचारायचे आणि दोघांची नावे वहीत लिहायची, एवढे वर्धापनदिनापासून सुरू करू या.