जोडी मोडली, पण खेळ नाही

आज गोष्ट ऐकू या मॉस्कोच्या इरिना रोदनिनाची.

इरिनाचा जन्म 1949 चा. लहानपणी तिला वरचेवर न्यूमोनिया व्हायचा. मोकळ्या हवेत पोरीची तब्येत सुधारेल म्हणून आईवडिलांनी तिला बर्फावरच्या स्केटिंगला घातलं. पुढे ती जोडीनं करायच्या स्केटिंगमध्ये शिरली.

हा खेळ कसा असतो? बुटांच्या तळाला पोलादी पाती असतात. त्यावर एक पुरुष आणि एक बाई संगीताच्या तालावर बर्फावरून घसरत नाचतात. पुरुष बाईला डोक्यावर उचलतो, हवेत भिरकावतो. तिनं गिरक्या घेऊन एका पायावर उतरायचं. खाली गादी नसते, दगडासारखा बर्फ असतो. म्हणून इथे सगळी मदार जोडीदारावरच्या विश्वासावर.

इरिनाचा पहिला जोडीदार अलेक्सेई उलानोव. 1969 पासून सलग चार वर्षं दोघं जगज्जेते झाले. 1972 साली जपानमधल्या सापोरो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पण तोवर उलानोवचं मन ल्युडमिला स्मिर्नोव्हावर जडलं होतं. ती त्यांच्याच देशातल्या, दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीतली. उलानोवनं तिच्याशी लग्न केलं आणि पुढे तिच्याबरोबरच खेळायचं ठरवलं. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेआधी सराव करताना इरिना त्याच्या हातून वरून खाली पडली. डोक्याला मार बसला. तरीही ती बर्फावर उतरली आणि दोघं जिंकले. मग जोडी मोडली.

जोडीचा खेळ एकटीनं खेळता येत नाही. वय 22, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून! प्रशिक्षक स्टानिस्लाव झुक यांनी लेनिनग्राडचा अलेक्सांद्र झाइत्सेव हा तरुण निवडला. तो तिच्याहून लहान, फारसं नाव नसलेला. वर्षभराच्या आत, 1973 मध्ये, दोघं ब्रातिस्लाव्हाच्या जागतिक स्पर्धेत उतरले. ऐन कार्यक्रमात संगीत बंद पडलं. पण ते थांबले नाहीत. ताल अंगात मुरलेला होता. लोकांच्या टाळ्यांच्या गजरात त्यांनी कार्यक्रम पुरा केला आणि पहिले आले. दुसरं कोण आलं? उलानोव आणि स्मिर्नोव्हा.

1974 मध्ये तात्याना तारासोव्हा त्यांची प्रशिक्षक झाली. ती इरिनापेक्षा जेमतेम अडीच वर्षांनी मोठी. 1975 मध्ये इरिना आणि झाइत्सेवचं लग्न झालं, 1976 मध्ये दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण आलं. 1978 पर्यंत इरिनाची जागतिक विजेतेपदं सलग दहा झाली.

1979 मध्ये तिला मुलगा झाला. त्या वर्षी ती स्पर्धेत नव्हती आणि जगज्जेतेपद अमेरिकेच्या टाय बाबिलोनिया आणि रँडी गार्डनर यांच्याकडे गेलं. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिक अमेरिकेतच, लेक प्लॅसिडला होतं. बाळ वर्षाचं होत आलेलं, आईचं वय 30. ऐन वेळी गार्डनरला दुखापत झाली आणि अमेरिकेच्या जोडीला माघार घ्यावी लागली. इरिना आणि झाइत्सेवनं मात्र आपला खेळ चोख केला. पदक घेताना इरिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिचं तिसरं ऑलिम्पिक सुवर्ण. त्यानंतर तिनं स्पर्धा सोडली.

उचलणारा पुरुष सगळ्यांना दिसतो. पण उचललेल्या बाईचा तोल, तिची ताकद, पडल्यावर पुन्हा उभं राहणं, हे तिचं स्वतःचं असतं. जोडीदार बदलला, पण ही कमाई इरिनाजवळच राहिली.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बोलू या: आपल्या अंगचं कोणतं कौशल्य कुणीही गेलं तरी आपल्याजवळ राहील?